बडोद्यात देणगीसाठी ४२ किलोमीटर: पैसा कुठे गळतो, पाय कुठे अडतात

बडोद्याच्या मॅरेथॉनमध्ये धावून एका संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या होत्या. धावणं जमलं. फसवलं ते ऑनलाइन देणगीच्या पानाने. अपघात, हिंसा किंवा घरातला अकस्मात मृत्यू यांचा मानसिक आघात सोसणाऱ्यांना समुपदेशन देणाऱ्या संस्थेसाठी हा निधी होता. दात्याने १००० रुपये लिहिले की खाली बारीक अक्षरात पान चालवणाऱ्यांसाठी १२ टक्के 'टिप' आधीच निवडलेली. दांडिया बाजारातल्या निवृत्त काकांच्या ते लक्षात येणार कसं? खात्यातून गेले ११२०. हजारावर पेमेंटचे २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी कापून संस्थेला मिळाले ९७६ रुपये ४० पैसे. मधल्यामध्ये १४३ रुपये ६० पैसे गेले! हे पैसे समुपदेशनाचे होते.

असलं पान उघडूच नका. संस्थेच्या स्वतःच्या खात्याचा यूपीआय क्यूआर वाटा, त्यात कपात होत नाही. मात्र नुसत्या क्यूआरवरून ८०जीची, म्हणजे करसवलतीची, पावती निघत नाही. नाव, पत्ता, पॅन आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या, मागाहून माणसं फोन उचलत नाहीत. २००० च्या वर रोख घेऊ नका, दात्याला करसवलत मिळत नाही. अमेरिकेतला भाचा पैसे पाठवणार असेल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असूनही तो परदेशी निधी ठरतो, आणि संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी निधी घ्यायला लागणारी) नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

आवाहनात कुणा पीडिताचा फोटो नको, नाव बदलून सांगितलेली हकिगतही नको. ओळखीचे लोक ओळखतातच. पैसे कशावर खर्च होणार एवढं लिहा, तेवढ्यावर लोक देतात.

आता टी-शर्ट. संस्थेचा सुती आणि छातीवर जाड रबरी छपाईचा असेल तर तो फोटोपुरता घाला. घामाने भिजला की छपाईची कड स्तनाग्रं सोलते, वीस किलोमीटरनंतर रक्त येतं. धावायला नेहमीचा पॉलिएस्टरचा, आत स्तनाग्रांवर मायक्रोपोअरची चिकटपट्टी, काखेत आणि मांड्यांत व्हॅसलीन. बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, दुमडू नका, मागे वेळ मोजणारी चिप असते.

रस्ता सपाट आहे, चढ म्हणजे उड्डाणपूल. पहाटे थंडी असते म्हणून पहिले दहा किलोमीटर जोरात जातात आणि तिथेच घात होतो. हाफ मॅरेथॉनवाले संपले की रस्ता रिकामा पडतो, ऊन चढतं, ३२ ते ३८ किलोमीटरचा पट्टा निव्वळ वाईट. तिथे पुलावर चाला, लाज वाटू देऊ नका. एनर्जी जेल (धावताना खायचं गोड पाकीट) दर ४० मिनिटांनी, भूक लागायच्या आधी. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पूर्ण पाकीट, अर्धं नाही. आदल्या रात्री सेव उसळ नको, मुगाची खिचडी खा.

आघातातून सावरणारं कुणी सोबत धावणार असेल तर त्यांना सुरुवातीच्या गर्दीत आणि लाउडस्पीकरखाली उभं करू नका. रांगेच्या शेवटून निघा. चिपमुळे निव्वळ वेळ सुरुवातीची रेषा ओलांडल्यावरच मोजली जाते, त्या वेळेचं नुकसान होत नाही.