शात्रिएवरचा वारा: पॅरिसमधला महिलांचा अंतिम सामना

मेट्रोच्या 10 नंबरच्या लाइनवर पोर्त दोतोयला उतरलं की फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धेचं रोलाँ गारोस स्टेडियम चालत दहाएक मिनिटांवर आहे. मात्र या लाइनचं पश्चिमेकडचं टोक वळसा घेऊन जातं, त्यामुळे पोर्त दोतोयला फक्त बुलोनकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात. सामना संपल्यावर शहरात परतायला हे स्टेशन कामाचं नाही. तेव्हा सरळ मिशेल-आँज मोलितोर गाठायचं. तिथे 10 नंबरची शहराकडे जाणारी गाडी मिळते, शिवाय 9 नंबरची लाइनही आहे. 2025 मध्ये एका प्रवासाचं तिकीट अडीच युरोंना होतं. ते नाविगो ईझी कार्डावर भरून घ्यायचं, कार्डाचे 2 युरो वेगळे. परतीचं तिकीट सकाळीच भरून ठेवलेलं बरं, कारण सामना सुटला की मशीनपुढे रांगा लागतात.

7 जून 2025, शनिवार. अग्रमानांकित अरिना सबालेन्का आणि दुसरी मानांकित कोको गॉफ. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दोघी ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत समोरासमोर येणं दुर्मीळ झालंय. याआधी तसं घडलं ते 2018 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, हालेप आणि वॉझ्नियाकी. पॅरिसमध्ये तर थेट 2013 पर्यंत मागे जावं लागतं, सेरेना आणि शारापोव्हापर्यंत. आपसातल्या सामन्यांत दोघी 5-5 अशा बरोबरीत होत्या, आणि महिनाभर आधीच माद्रिदच्या मातीवर सबालेन्काने गॉफला अंतिम फेरीत हरवलं होतं.

सामना दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. आत मात्र दोन-तीन तास आधी जावं. तिकीट फोनवरच्या अधिकृत ॲपमध्ये असतं, त्यावर नाव असतं, आणि दारावर ओळखपत्र मागतात. आपल्यासाठी ते म्हणजे मूळ पासपोर्ट. फोन पूर्ण चार्ज हवा. पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवर ठेवा, 15 लिटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. 2024 पासून प्रेक्षागारात दारू पिण्यावर बंदी आहे, आणि कोर्टाजवळच्या शांततेला त्याचा फायदाच झालाय.

हाताशी असलेल्या वेळात सिमोन-माथ्यू कोर्ट बघून घ्यावं. ओतोयच्या जुन्या वनस्पती उद्यानात 2019 मध्ये बांधलेलं हे पाच हजार आसनांचं कोर्ट चारी बाजूंनी काचेच्या हरितगृहांनी वेढलेलं आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया अशी एकेका बाजूला एकेका प्रदेशातली झाडं. 1933 मध्ये इथे दुहेरीत पहिला चषक मिळवणाऱ्या आणि 1938 आणि 1939 मध्ये एकेरी जिंकणाऱ्या खेळाडूचं नाव त्याला आहे. सगळ्या परिसरात टेनिस बघायला इतकी देखणी जागा दुसरी नाही.

मुख्य कोर्ट फिलिप शात्रिए, सुमारे 15 हजार आसनांचं. 2020 पासून त्यावर सरकतं छप्पर आहे, पंधराएक मिनिटांत मिटतं. छप्पर पावसासाठी आहे, वारा सुटला म्हणून ते मिटत नाही, आणि हा अंतिम सामना समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करायला हवी. गुरुवारी सबालेन्काने इगा श्वीऑनटेकला उपांत्य फेरीत 7-6, 4-6, 6-0 असं हरवलं ते मिटलेल्या छपराखाली. इथे चार वेळा, त्यातही मागची सलग तीन वर्षं जिंकलेल्या खेळाडूला तिसऱ्या सेटमध्ये एकही गेम दिला नाही. बंद कोर्टात हवा स्थिर, चेंडू जिथे अपेक्षित तिथेच येतो, आणि सबालेन्काच्या सपाट, जोरकस फटक्यांना याहून चांगली परिस्थिती नसते. शनिवारी छप्पर उघडं होतं आणि वारा चांगलाच सुटला होता.

आता माती. दिसते ती लाल माती म्हणजे विटांचा चुरा, आणि तो अवघा एक-दोन मिलिमीटर. अंगणात रांगोळी चाळावी तसा अंथरलेला. त्याच्या खाली ठेचलेल्या पांढऱ्या चुनखडीचा काही सेंटिमीटरचा थर, आणि त्याखाली पाणी निचरणारी कोळशाची खंगर आणि दगड. चुनखडीने ओल धरून ठेवली की वरचा चुरा जागेवर राहतो. ऊन आणि वारा एकत्र आले की तो सुकतो, उडतो, पायाखाली निसरडं होतं आणि चेंडू अधिक वेगाने येतो. म्हणून सामन्याआधी पाणी मारतात आणि सेट संपला की जाळी ओढून चुरा सारखा करतात. कर्मचारी हे काम इतक्या झटपट उरकतात की बघणाऱ्याचं लक्ष खेळाडूंच्या बाकाकडे असतं आणि ते निसटून जातं. नक्की बघा, पुढच्या गेममध्ये चेंडू कसा उडणार ते इथेच ठरतं.

वारा बघायचा असेल तर सर्व्हिससाठी वर टाकलेल्या चेंडूकडे बघावं. वाऱ्यात तो ठरलेल्या जागेवरून हातभर सरकतो. मग खेळाडू चेंडू पकडून पुन्हा टाकते, किंवा तशीच मारते आणि कमरेचा तोल जातो. शात्रिएसारख्या खोल वाडग्यात वारा एका दिशेने वाहत नाही, भिंतींवर आपटून फिरतो, त्यामुळे बाजू बदलली तरी हिशेब पक्का होत नाही. अशा वेळी जाळीच्या जेमतेम वरून आणि रेषेच्या वीतभर आत मारलेला फटका बाहेर जातो. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी, देऊन जाळीच्या मीटरभर वरून काढलेला चेंडू वाऱ्याने ढकलला तरी कोर्टात उतरतो. वाऱ्याच्या विरुद्ध मारलेला ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीच्या जेमतेम पलीकडे हळूच टाकलेला चेंडू, जागीच मरतो, वाऱ्याबरोबर मारलेला मात्र पुढे वाहून प्रतिस्पर्ध्याच्या सोयीचा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे पाय. शेवटच्या क्षणी तीन-चार छोटी पावलं टाकून जागा दुरुस्त करणारीचा फटका वाचतो.

सबालेन्काने सुरुवात जबरदस्त केली, 4-1 आणि 40-0. तिथून गॉफने सेट 6-6 करून टायब्रेकपर्यंत, म्हणजे निर्णायक गेमपर्यंत, खेचला. टायब्रेक सबालेन्काने 7-5 असा घेतला, पण माझ्या मते सामन्याचा कल त्याआधीच बदलला होता. गॉफने ठरवलं होतं की प्रत्येक चेंडू एकदा जास्त परत करायचा. कोपऱ्यात धावत जाऊन, पाय घसरवत, उंच आणि खोल. सबालेन्काला जिंकलेला वाटणारा पॉइंट पुन्हा जिंकावा लागे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती रेषेच्या आणखी जवळ मारायला जाई. नेमकं तिथेच वाऱ्याचं फावलं. सामन्याअखेर तिच्या अनफोर्स्ड एरर, म्हणजे स्वतःहून केलेल्या चुका, 70 झाल्या, गॉफच्या 30. दुसरा सेट 6-2.

तिसऱ्या सेटमध्ये सबालेन्काने 3-3 अशी बरोबरी साधली, आणि गॉफने लगेच तिची पुढची सर्व्हिस मोडली, म्हणजे तिच्या सर्व्हिसचा गेम जिंकला. शेवटच्या पॉइंटला सबालेन्काचा बॅकहँड बाजूला गेला आणि गॉफ मातीवर उताणी पडली. 6-7, 6-2, 6-4, दोन तास 38 मिनिटं. 2015 मध्ये सेरेना जिंकली होती, त्यानंतर पॅरिसमध्ये एकेरी जिंकणारी ही पहिली अमेरिकन. 2022 मध्ये इथेच श्वीऑनटेककडून 6-1, 6-3 अशी हरलेली मुलगी, वय 21. सबालेन्काने 70 चुका केल्या हे खरं, पण त्या करायला लावणारी समोर उभी होती. नुसत्या आकड्यांवरून या सामन्याला हलका ठरवणं गॉफवर अन्याय आहे.

इथे रेषांवर अजून माणसं उभी असतात. 2025 मध्ये चारही ग्रँडस्लॅममध्ये फक्त रोलाँ गारोसने लाइन जज ठेवले. वाद झाला की चेअर अंपायर खुर्चीवरून उतरून मातीवरचा ठसा तपासतो. ठशाची कड रेषेला जराशी जरी टेकली तरी चेंडू आत. खालच्या रांगेत बसलात तर ठसा तुम्हालाही दिसतो. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागची, थोडी वरची जागा सुचवेन. टॉपस्पिनची उंची, कोन आणि वाऱ्याने वळणारा चेंडू तिथून नीट कळतो. बाजूच्या महागड्या जागांवरून वेग दिसतो, डावपेच कमी. टोपी आणि पातळ विंडचीटर दोन्ही घ्या, वरच्या रांगांत जूनमध्येही बोचरं वाटतं.

अंतिम सामन्याखेरीजचे महिलांचे सामने बघायचे असतील तर तिकीट दिवसाच्या सत्राचं काढा. 2024 आणि 2025 मध्ये रात्रीच्या सत्रात महिलांचा एकही सामना लावला नव्हता. बहुतेकदा शात्रिएवर दुपारी बाराचा पहिला सामना त्यांचा असतो आणि तेव्हा निम्म्या खुर्च्या जेवायला गेलेल्या असतात. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना ही वागणूक शोभत नाही, आणि आयोजकांनी ती बदलायलाच हवी.

फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. मुंबई आणि पुण्यात अर्ज देता येतो. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटची टंचाई असते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घ्यावं. तिकिटांसाठी अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडून विक्रीच्या तारखांवर लक्ष ठेवा. हुकलं तर अधिकृत पुनर्विक्री हाच एक मार्ग. बाहेर कोणाकडून घेतलेलं तिकीट नावामुळे दारातच अडू शकतं. गुरुवारी महिलांची उपांत्य फेरी संपली की काहींची आवडती खेळाडू बाद झालेली असते. त्या संध्याकाळपासून शनिवार सकाळपर्यंत ॲप पुन्हा पुन्हा उघडून बघत राहा.