चौदा मिलिमीटर

जुलै २०२२. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या ट्रक तळावर सगळीकडे चिखल होता. विमा कंपनीच्या ऑफिसातून आदल्या संध्याकाळी फोन आला होता : "नवी गाडी आहे, अकरा दिवसांची. उभी असताना मागून थोडं लागलंय. बघून टाका."

मी २००४ पासून मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे गाडीचं नुकसान तपासून कंपनीला अहवाल देणारा माणूस, आहे. 'थोडं लागलंय' हे शब्द कानावर आले की मी टेप, ओळंबा आणि जाडे जुने कपडे गाडीत टाकतो.

सहा टायरी ट्रक होता. केबिनवर अजून झेंडूचे हार सुकत होते, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. मालक सांगोल्याकडचा, तिशीतला. नऊ वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आता कर्ज काढून स्वतःची घेतली होती. "साहेब, उभ्या गाडीला मारलं हो," तो म्हणाला. "मी केबिनमधी झोपलो हुतो. धक्का बसला अन् उठून बसलो."

पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, भरलेला एक ट्रेलर मध्यरात्री तळावर वळत होता. त्याच्या बंपरचा डावा कोपरा मागून तिरका येऊन या ट्रकच्या मागच्या उजव्या चाकावर बसला. दिसत होतं ते एवढंच : मडगार्ड फुटलेलं, मागचा दिवा गेलेला, हौद्याच्या कडेला रंग खरवडलेला, आणि बाहेरच्या टायरवर हातभर काळा घासटा. ट्रेलरच्या मालकाचा माणूस तिथेच उभा होता. त्याच्या हातात पंधरा हजार रुपये होते, आणि 'यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही' असं लिहिलेला स्टँप पेपर. मालकाने पेन उघडलंही होतं. दुपारी दोन वाजता त्याचं सोलापूरचं भाडं भरायचं होतं, आणि महिन्याचा पहिला हप्ता डोक्यावर होता.

मी त्याला म्हटलं, "दादा, मी खाली जाऊन येईपर्यंत सही करू नका. तेवढं ऐका."

माझ्या सांगण्याला आधार होता. व्यावसायिक गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग यांचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी आयएमटी २३ नावाचं जादा कलम घ्यावं लागतं, आणि त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. याने ते घेतलं नव्हतं. शोरूममध्ये त्याला कुणी ते समजावूनही सांगितलं नव्हतं. म्हणजे जे डोळ्यांना दिसत होतं, त्यातलं जवळजवळ काहीच विम्यात बसत नव्हतं. त्या हिशेबाने पंधरा हजार हा चांगलाच सौदा होता. पण आत काही मोडलेलं असलं, तर सही केल्यावर ट्रेलरवाल्याकडे मागायला तोंड उरलं नसतं, आणि विमा कंपनीनेही बोट त्या कागदावर ठेवलं असतं.

आत काही मोडलं असेल असं मला का वाटलं, ते सांगतो. लोक वेग विचारतात. मी वजन विचारतो. भरलेला ट्रेलर ४० टनांचा धरला आणि तो ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने आला असं धरलं, तरी त्याच्या अंगात जेवढी ऊर्जा असते तेवढी बाराशे किलोच्या कारमध्ये येण्यासाठी ती कार ताशी २९ किलोमीटरने यावी लागते. कारने तशी धडक दिली असती तर कारचंच नाक चेपून बरीचशी ऊर्जा तिथेच जिरली असती. ट्रेलरच्या बंपरचा कोपरा मात्र जाड पोलादाचा. तो चेपलाच नव्हता. मग तो जोर गेला कुठे?

मी चाकाजवळ बसलो. मालकाने नियमाप्रमाणे सगळं केलं होतं : हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि मागच्या उजव्या चाकाला पुढून दगड. तो दगड पाहिला आणि मला काळजी वाटायला लागली. तो चिखलात खोल दाबला गेला होता, आणि त्याच्या मागे बोटभर रुंदीची ताजी भेग पडली होती. चाक फिरू शकत नव्हतं. गाडी मोकळी असती तर चार-सहा इंच पुढे सरकली असती आणि धक्का निघून गेला असता. ब्रेक आणि दगड यांनी चाक धरून ठेवलं, त्यामुळे सगळा जोर अॅक्सलमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं धरणाऱ्या आडव्या दांड्यात, आणि तिथून पाट्यांमध्ये, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये शिरला.

गाडी पाऊण किलोमीटरवरच्या गॅरेजमध्ये न्यायची होती. मी मालकाला विचारलं, "चालवताना काही वेगळं वाटतंय का?" तो म्हणाला, काही नाही. तरी मी शेजारी बसलो आणि त्याच्या हातांकडे बघत राहिलो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे थोडं कललेलं होतं. त्याच्या हातांनी ते आपोआप सांभाळून घेतलं होतं, त्याला कळलंही नव्हतं. चांगल्या ड्रायव्हरचं हे असंच होतं.

गॅरेजात सिमेंटची सपाट जमीन होती. आधी चासी, म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा. तिच्या दोन्ही लाँग मेंबरवर, म्हणजे लांब तुळयांवर, सारख्या जागा धरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने फुल्या केल्या, मग कर्णरेषा मोजल्या. पुढचा चौकोन, मधला, मागचा. दोन कर्णांत कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. चासी सरळ होती. मालकाचा चेहरा उजळला. माझा उजळला नाही, कारण स्टिअरिंगचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं.

मग पुढची चाकं अगदी सरळ केली, नाहीतर पुढचं माप फसवतं. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावली. डावीकडे ४,८३१. उजवीकडे ४,८१७. तीन वेळा मोजलं. एकदा मिस्त्रींच्या हातात टेपचं दुसरं टोक देऊन मोजलं. चौदाच आले.

चौदा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. पण मागचा अॅक्सल उजव्या बाजूने तेवढा पुढे सरकला की मागची चाकं गाडीच्या नाकाच्या दिशेने न चालता किंचित डावीकडे चालायला बघतात. मालकाला दाखवायला मी मिस्त्रींना दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. ट्रक त्या पाण्यातून काढून कोरड्या सिमेंटवर सरळ नेला. पुढच्या चाकांच्या ओल्या रेघा आणि मागच्या जोडटायरच्या रेघा जमिनीवर उमटल्या. दोन्ही बाजूंना मागच्या रेघा डावीकडे जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकलेल्या होत्या. मालक उकिडवा बसला आणि बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिला. "म्हंजी गाडी तिरकी चालतीय," तो हळूच म्हणाला.

आता खरा पेच होता. माप चुकलेलं दिसत होतं, पण काय मोडलं ते दिसत नव्हतं. पाट्यांची चवड अॅक्सलवर जिथे बसते तिथे तिच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. त्याचं डोकं अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि अॅक्सलला जागेवर धरून ठेवतं. वरून दोन यू-बोल्ट आवळलेले असतात. ते डोकं चवडीखाली झाकलेलं, बाहेरून कुणालाच दिसत नाही. मला एवढीच खूण सापडली : उजव्या बैठकीच्या कडेला नखाच्या आकाराची चकाकती चंद्रकोर, जिथला रंग घसटून ताजं लोखंड उघडं पडलं होतं. डाव्या बाजूला तसं काही नव्हतं.

मी ऑफिसात फोन केला. तिकडून उत्तर आलं की फोटोत तसं काही दिसत नाही, उघडण्याची मजुरी नुकसान निघालं तरच देता येईल. नाही निघालं तर मालकाच्या अंगावर. मिस्त्रींनी साडेतीन हजार सांगितले. मी मालकाला दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्या. मला जवळजवळ खात्री होती, पण जवळजवळ खात्रीवर दुसऱ्याच्या खिशातले साडेतीन हजार खर्च करायचा हक्क मला नाही. तो बाहेर गेला आणि घरी फोन लावला. परत येऊन म्हणाला, "खोला."

चार नट सुटले. चासीला जॅक लावून पाट्यांची चवड वर उचलली. मिस्त्रींनी टॉर्च मारला आणि काही न बोलता मला वाकायची खूण केली. सेंटर बोल्टचं डोकं तुटून बैठकीच्या भोकात तसंच पडलं होतं. तुटलेला काप चांदीसारखा स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. म्हणजे ताजा तुटलेला. भोकही एका अंगाला ताणून किंचित लांबट झालं होतं.

मागचा अॅक्सल रात्रीपासून फक्त यू-बोल्टच्या आवळणीवर थांबलेला होता. दुपारी दोनला त्यावर दहा टन लोखंड चढणार होतं, आणि संध्याकाळी गाडी बोरघाटात असती. ब्रेक लागला की चाक अॅक्सलला पाट्यांखालून ओढायला बघतं. मालकाला मी हे सांगितलं नाही. ते त्याने त्या भोकाकडे बघून ओळखलंच होतं.

अॅक्सलचं बाहेरचं कवच, म्हणजे हाउसिंग, तपासलं, वाकलेलं नव्हतं. शाफ्ट ठीक होता. बाहेरच्या टायरच्या आतल्या अंगाला फुगवटा सापडला, टायर बाद. तो विम्यात बसत नव्हता, ट्रेलरवाल्याकडून घ्यायचा होता. बोल्ट, यू-बोल्ट, बैठक हा लोखंडी माल, आणि गाडी सहा महिन्यांच्या आतली, त्यामुळे त्यावर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, शून्य.

इथे थांबलो असतो तर दिवस चांगला गेला असता. पण गाडी खड्ड्यावर होतीच, म्हणून पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती मी लाल रंगाची चाचणी केली. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. भेग असली की लाल रेघ वर येते. ब्रॅकेटवर काही आलं नाही. त्याच्या वीतभर मागे, चासीच्या खालच्या पट्टीवर मात्र दोन इंचांची बारीक लाल रेघ उठली. तिथे टूलबॉक्सचा अँगल वेल्डिंग करून लावलेला होता. चासीच्या पट्टीवर वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही, हे ट्रक बनवणारे बॉडी बांधणाऱ्यांना लिहून देतात. उष्णतेने तिथलं पोलाद ठिसूळ होतं. हे काम बॉडी बांधताना झालं होतं, धडकेशी त्याचा संबंध नव्हता.

मालकाने विचारलं, "साहेब, ह्येबी त्याच्यातच लिवा की. कुणाला कळतंय?"

मी नाही म्हटलं. त्या क्षणी त्याच्या नजरेत मी पुन्हा कंपनीचा माणूस झालो, आणि ते मला लागलं. सकाळपासून जो माणूस माझ्यावर विसंबून होता, त्याला मी दुपारी उपाशीपोटी नकार देत होतो. पण ज्या अहवालात मी सेंटर बोल्ट धडकेनेच तुटला म्हणतो, त्याच अहवालात एक खोटी ओळ घातली तर त्या बोल्टवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? मी त्याला भेगेचे सहा फोटो, मोजपट्टी लावून, तारीख-वेळेसह वेगळे काढून दिले आणि बॉडी बांधणाऱ्याकडे काय मागायचं ते कागदावर लिहून दिलं : अँगल काढणं, भेगेची दुरुस्ती ट्रक कंपनीच्या इंजिनिअरसमोर, त्यांच्या पद्धतीने, आणि तसं लेखी.

ट्रेलरवाल्याच्या माणसाने तुटलेलं डोकं स्वतः पाहिलं, स्टँप पेपर घडी घालून खिशात ठेवला आणि मालकाबरोबर पोलीस ठाण्यात नोंद करायला गेला. सोलापूरचं भाडं दुसऱ्या गाडीला गेलं.

तिसऱ्या दिवशी फेरतपासणीला गेलो. डावीकडे ४,८३१, उजवीकडे ४,८३०. मी बादलीकडे वळलो तर मालकाने आधीच पाणी ओतून ठेवलं होतं. तो गाडी सरळ घेऊन गेला, उतरला, आणि माझ्याआधी गुडघ्यांवर बसून स्वतःच्या टेपने रेघा मोजायला लागला. मग गाडी रिकामीच घेऊन बॉडी बांधणाऱ्याच्या दिशेने निघाला. मी लिहून दिलेला कागद त्याने घडी घालून, प्लॅस्टिकमध्ये घालून, केबिनमधल्या फोटोखाली खोचला होता.