सिंह, कोंबडी आणि जामीनदार

आमच्याकडे कैरीच्या लोणच्याची बरणी भरली, तोंडाला दादरा बांधला, की त्यावर एक जड, गोल ताटली ठेवायची असा सासूबाईंचा नेम आहे. परवा नातवानं ती उचलली, उलटीसुलटी केली आणि ओरडला, "आजी, सिंह कोंबडी खातोय!"

इतकी वर्षं ती ताटली मी चिंच-मीठ लावून घासतेय, पण खालच्या कडेचं चित्र काही नीट पाहिलं नव्हतं. चष्मा लावून बघितलं. मधे शिरस्त्राण घातलेली, त्रिशूळ धरलेली बाई, म्हणजे ब्रिटानिया. तिच्या पुढ्यात मोठा सिंह. कडेनं इंग्रजी अक्षरं : हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. चौकटीत नाव, पण हुद्दा नाही. आणि अगदी तळाशी, नखाएवढ्या जागेत, आणखी एक सिंह एका पक्ष्याचा लचका तोडतोय. ती कोंबडी नव्हे, जर्मनीचा गरुड.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या घरी साम्राज्यानं अशा कांस्याच्या ताटल्या पाठवल्या, तेरा लाखांहून जास्त. साधारण बारा सेंटिमीटर व्यास. सासूबाई तिला 'राणीची ताटली' म्हणतात. तेव्हा गादीवर राजा होता, हे मी लग्नानंतर एकदा सांगून पाहिलं होतं. "असू दे," म्हणाल्या.

ही आली आजेसासऱ्यांच्या थोरल्या भावापायी. ११० वी मराठा पलटण, मेसोपोटेमिया, म्हणजे आजचं इराक. २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमाराला इंग्रज जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली, बहुतेक आपलीच, हिंदुस्थानी. त्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं आणि जगले त्यातल्या पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचा हा माणूस रस-अल-ऐनच्या बाजूला रूळ टाकता टाकता गेला. सोबतचा एक गाववाला परत आला, त्यानं साताऱ्याला येऊन सांगितलं. पुढे घर इंदूरला आलं ते गिरणीच्या नोकरीपायी, आणि ताटलीही ट्रंकेतून आली. मी नवी नवरी असताना घरात "ते बगदादच्या रेल्वेत होते" असं म्हणत. मला कितीतरी दिवस वाटायचं, चांगली पेन्शनीची नोकरी असणार.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा कर्ज विभागात. त्यामुळे या रेल्वेबद्दल वाचायला बसले तेव्हा सम्राट, राजदूत, नकाशे हे सगळं मागे टाकून आधी एकच शोधलं : थकलं तर भरणार कोण?

कन्सेशन म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट आठवतं (तेही २०२० पासून बंदच आहे). पण त्या काळच्या राजकारणात कन्सेशन म्हणजे आपल्याकडचा मक्ता. परक्या कंपनीनं तुमच्या मुलखात रेल्वे बांधायची, चालवायची, ठरलेली वर्षं खायची. १८८८ मध्ये डॉइच बँकेच्या गटानं उस्मानी, म्हणजे तुर्कांच्या, सुलतानाकडून इझमित ते अंकारा मार्गाचा मक्ता मिळवला. बँकेचे गेऑर्ग फॉन सीमेन्स सुरुवातीला म्हणे फारसे उत्सुक नव्हते. बँकवाला असाच असतो, मला त्यांच्याबद्दल जरा आपुलकीच वाटली. मग उत्सुकता कशानं आली? किलोमीटर-हमीनं.

ती अशी. रेल्वे चालो न चालो, गाडीत माणूस बसो न बसो, सरकारनं दर किलोमीटरमागे दर वर्षी ठरलेलं उत्पन्न कंपनीच्या पदरात टाकायचं. हीच रेल्वे पुढे कोन्याहून बगदादमार्गे इराणच्या आखाताकडे न्यायची, ती बगदाद रेल्वे. तिचा मुख्य करार ५ मार्च १९०३ चा, मुदत ९९ वर्षं. त्यात बांधकामापोटी किलोमीटरला वर्षाला ११,००० फ्रँक आणि चालवण्याच्या खर्चापोटी ४,५०० फ्रँक. वर रुळांच्या दोन्ही अंगांना वीस-वीस किलोमीटर पट्ट्यातल्या खनिजांचे हक्क. आणि तारण काय, तर मार्गावरच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या धान्याचा दशांश. तो गोळा करून द्यायला सार्वजनिक कर्ज प्रशासन १८८१ पासून बसलेलंच होतं. सुलतानाच्या देशात, सुलतानाचा कर, सावकारांच्या प्रतिनिधींच्या हातात.

म्हणजे जामीनदार कोन्याचा शेतकरी, आणि सही करताना त्याला कुणी बोलावलंसुद्धा नाही. आमच्याकडे असला दस्त कुणी आणला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता.

हमी एकदा किलोमीटरवर ठरली की माणूस काय करतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. सपाट जमीन आधी घेतो. कोन्यापासून बुलगुर्लूपर्यंतचे पहिले दोनशे किलोमीटर १९०४ मध्ये झाले, सगळे पठारावरचे, स्वस्तात. बांधकामाला मिळालेल्या रकमेतून वर पैसे उरले. पुढे तॉरस पर्वत आडवा आला आणि काम कित्येक वर्षं तिथेच थबकलं. बोगद्यांना पैसा हवा. पैशासाठी जकात वाढवायला हवी. आणि उस्मानी सरकारला स्वतःच्या बंदरातली जकात वाढवायलाही युरोपातल्या सत्तांची परवानगी लागे. तेव्हा हे सगळे आपापल्या मागण्यांची यादी घेऊन रांगेत उभे राहिले.

रशियानं १९०० मध्ये काळ्या समुद्राच्या बाजूचे मार्ग आपल्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत असं लिहून घेतलं. इराणकडून तर त्यानं १८९० मध्येच कबूल करून घेतलं होतं की दहा वर्षं देशात रेल्वेच बांधायची नाही, आणि मुदत संपली तेव्हा आणखी दहा वर्षं वाढवली. रेल्वे *न* बांधण्याचा मक्ता! मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात निर्लज्ज आणि म्हणून सगळ्यात प्रामाणिक कागद तो वाटतो.

इंग्रजांची खोड वेगळी. त्यांना मार्गाची फिकीर कमी, शेवटच्या स्टेशनाची जास्त. गाडी आखातावर पोचली तर जर्मन माणूस थेट हिंदुस्थानच्या दारात. म्हणून २३ जानेवारी १८९९ ला त्यांनी कुवेतच्या शेख मुबारककडून गुपचूप लिहून घेतलं की इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाला जमीन देणार नाही, विकणार नाही, गहाण टाकणार नाही. मोबदला पंधरा हजार. पौंड नव्हे, रुपये. पुढच्याच वर्षी जर्मनांचं शिष्टमंडळ कुवेतला काझिमाच्या खाडीवर स्टेशनाची जागा मागायला आलं, तर शेखानं नकार दिला. का दिला, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. १९०३ च्या मे महिन्यात परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउननं लॉर्ड्सच्या सभागृहात उघडच बजावलं की आखातावर दुसऱ्या कुणी आरमारी तळ केला तर तो गंभीर धोका मानू.

इथे मला आमचे तुकोजीराव आठवतात. दुसरे तुकोजीराव होळकर. इंदूरला रेल्वे यावी म्हणून त्यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. आहेराच्या पाकिटात वर रुपया घालावा तसं ते शंभरावर एक. व्याजच वर्षाला साडेचार लाख! इथे उलटा मामला : सुलतान कर्ज घेऊन फसला, आमचा राजा कर्ज देऊन. कारण संस्थानातून रूळ गेले की त्या पट्टीवरचे दिवाणी-फौजदारी अधिकार इंग्रजांकडे सोपवायचे, असा शिरस्ताच होता. पैसे होळकरांचे, मुलूख होळकरांचा, आणि रुळांत चोर सापडला तर तो इंग्रजांचा. माझे वडील महूला गाडीत बसताना दर वेळी हे ऐकवायचे आणि मग पाताळपाणीचा घाट लागला की गप्प व्हायचे. त्या घाटात कुणीही गप्प होतो.

तरीही तुकोजीरावांचा व्यवहार मला दोघांत बरा वाटतो. निदान व्याज घरात येत होतं.

बगदादकडे परत. दहा वर्षं घासाघीस झाली. १९१० मध्ये पोट्सडॅमला रशियाचा झार आणि जर्मनीचा कैसर भेटले, पुढच्या वर्षी त्या दोघांत करार झाला. १९१४ च्या फेब्रुवारीत फ्रेंचांचं जमलं. शेवटी इंग्रजांचंही : गाडी बसऱ्याला थांबेल, त्यापुढे आखाताकडे आमच्या संमतीशिवाय नाही, संचालक मंडळावर आमचे दोघे. या मसुद्यावर लंडनमध्ये आद्याक्षरं झाली ती १५ जून १९१४ ला. तेरा दिवसांनी सारायेव्होत गोळी झाडली गेली. "बगदाद रेल्वेमुळे महायुद्ध झालं" असं अजून कुणी म्हणालं की मला ही तारीख सांगावीशी वाटते. भांडण खरं तर मिटलं होतं. सगळ्यांचे वाटे ठरले होते.

युद्धात ते सगळं कागदावरच राहिलं. इंग्रजांनी हिंदुस्थानातून मीटरगेजचे रूळ आणि इंजिनं जहाजानं बसऱ्याला नेली. हाच तो गेज, ज्यावर आमची खंडव्याची गाडी जायची. तो मार्ग दक्षिणेकडून बगदादला पोचला. उत्तरेकडून बगदाद ते समाऱ्यापर्यंत जर्मनांचे रूळ १९१४ मध्येच पडलेले, ते रुंद, १,४३५ मिलिमीटरचे. एकाच शहरात दोन साम्राज्यांचे दोन गेज, आणि मधे माल उतरवणारे हमाल. इस्तंबूलहून बगदादला सलग गाडी जायला १९४० उजाडलं. ती ज्या रुळांवरून गेली त्यातले काही कुतच्या कैद्यांनी टाकलेले.

नातवाला एवढं सगळं कुठे सांगणार. म्हटलं, कोंबडी नाही रे, गरुड आहे, जर्मनीचा. दोघांचं रेल्वेवरून भांडण होतं. त्यानं ताटली उजेडात धरून पुन्हा नीट न्याहाळली. सिंह दोन, बाई एक, दोन डॉल्फिन, ओकची पानं.

"पण यात रेल्वे कुठंय?"

सासूबाई झोपाळ्यावरूनच म्हणाल्या, "ठेव रे ती जागेवर, दादरा सुटेल."