तुम्ही विचारलंत म्हणून : कागद लावून देऊ नका

“त्यांचे सगळे कागद तुमच्या ग्रंथालयाला द्यायचेत. जरा नीट लावून, साफसूफ करून देतो. चालेल ना?”

ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात काम करायला लागल्यापासून हा प्रश्न मी सतत ऐकते. विचारणारी बहुधा दिवंगत कादंबरीकाराची मुलगी असते, नाहीतर सून, भाचा, कधी पत्नी. प्रश्नामागे संकोचच जास्त असतो. घरातला एवढा पसारा परक्या माणसाच्या हाती द्यायचा कसा? आणि माझं उत्तर ऐकून बरेच जण गोंधळतात. लावू नका, आहे तसं राहू द्या, एवढंच मी सांगते.

घरचा माणूस कागद लावायला बसला की काय करतो? पत्रांत पत्रं, बिलांत बिलं, कात्रणांत कात्रणं. दिसायला छान दिसतं. पण कादंबरीकार तसं जगलेला नसतो. सातव्या प्रकरणाच्या खर्ड्यात त्याने एक पत्र खोचून ठेवलेलं असतं, कारण त्यातला एक प्रसंग त्याला तिथे वापरायचा असतो. ते पत्र उचलून ‘पत्रं’ लिहिलेल्या फाइलमध्ये गेलं की दोघांचं नातं तुटलं. ते परत जोडायला जगात कोणीच उरलेलं नसतं. लेखक पाठकोरे कागदही वाया घालवत नाहीत. खर्ड्यावर तारीख नसते, पण मागच्या बाजूला लग्नपत्रिका असते आणि तिच्यावर तारीख असते. म्हणजे हा खर्डा त्यानंतरचा, एवढं तरी नक्की झालं. “मागचं काय कामाचं?” म्हणून ती बाजू चिकटवून टाकलेलीही मी पाहिली आहे.

आमच्या धंद्यात हा नियम जुना आहे. एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे फ्रान्सच्या सरकारी परिपत्रकात 1841 सालीच आलं. ज्याने ते साठवले त्याचाच क्रम शक्यतो राखायचा, हे 1898 साली तीन डच अभिलेखपालांनी, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्यांनी, आपल्या पुस्तकात मांडलं. पसारा खरोखरच पसारा असेल, घर बदलताना पोत्यात कोंबलेला, तर क्रम आम्ही लावतो. पण तो आम्ही लावलाय, हे सूचीत स्पष्ट लिहितो.

क्रमाने एवढं काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी जर्मन भाषेत लिहिणाऱ्या काफ्का या कादंबरीकाराचं सांगते. 1924 साली तो गेला तेव्हा ‘द ट्रायल’ अपुरी होती, प्रकरणं सुटी होती आणि त्यांच्यावर क्रमांक नव्हते. मॅक्स ब्रॉड या मित्राने आपल्या समजुतीप्रमाणे ती लावली आणि 1925 साली कादंबरी छापली. कुठलं प्रकरण आधी आणि कुठलं नंतर, यावर अभ्यासक अजून भांडतात. 1997 साली निघालेल्या एका जर्मन आवृत्तीने तर क्रम लावायचा नादच सोडला: प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी पुस्तिका आणि सगळ्या एका पेटीत, लावा तुम्हाला हव्या तशा! अर्थात ब्रॉडला नावं ठेवायला मी धजत नाही. मित्राची इच्छा सगळं जाळावं अशी होती. त्याने ती पाळली असती तर भांडायलाही काही उरलं नसतं.

साफसफाईचंही तेच. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर नकोच नको. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागदाचा तुकडा सोबत येतो. बुरशी घरी झटकलीत तर ती बाकीच्या गठ्ठ्यांवर उडेल आणि तुमच्या छातीतही जाईल. तेवढा खोका वेगळा ठेवा आणि आम्हाला सांगा. वर्तमानपत्राची कात्रणं शेजारच्या पानावर तपकिरी सावली उमटवतात हे खरं, पण त्यांच्यामध्ये चांगला कागद घालायचं काम आमचं.

मग घरच्यांनी करायचं काय? कपाटाचे, टेबलाचे, खणांचे आहेत तसे फोटो काढा. खोके भरताना ‘टेबलाचा डावा खण’ असं पेन्सिलीने लिहा. फोटोमागे नावं नसतील तर ज्यांना चेहरे ओळखता येतात त्यांच्याकडून आत्ताच वेगळ्या कागदावर लिहून घ्या. हे काम आमच्यातला कोणीही करू शकत नाही.

खरी भीती वेगळीच असते, ती हळू आवाजात येते: “काही पत्रं खाजगी आहेत, तेवढी काढून टाकू?” इंग्रज कादंबरीकार डिकन्सने 1860 साली आपल्याकडची बरीचशी पत्रं घरामागे जाळली. तो त्याचा हक्क होता. पण वारसांनी घाईने जाळू नये, असं मला वाटतं, कारण मधला मार्ग आहे. दानपत्रात अट घालता येते: अमुक पाकीट अमुक वर्षांपर्यंत बंद. आम्ही ते पाळतो. दुसरी गोष्ट, कागद दिले म्हणजे छापण्याचा हक्क दिला असं होत नाही. तो वेगळा लिहून दिल्याशिवाय वारसांकडेच राहतो. आणि लेखकाला आलेल्या पत्रांचा हक्क तर तुमच्याकडेही नसतो, ज्याने ती लिहिली त्याच्याकडे असतो.

अलीकडे कागदांसोबत संगणकही येतात. सलमान रश्दींचे कागद अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात गेले तेव्हा त्यांचे जुने मॅकिंटॉशही गेले, आणि 2010 पासून त्यातला एक जसा ते वापरत तसा वाचकांना पडद्यावर उघडता येऊ लागला. म्हणून जुना लॅपटॉप ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करू नका. सुरू केला की फायलींच्या तारखा बदलू शकतात. पासवर्ड आठवत असेल तर लिहून द्या, चार्जर त्याच पिशवीत ठेवा, आणि नातवाला त्यावर गेम खेळू देऊ नका.