शेवाळाची खळ गाळता गाळता

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सरगॅसम हे समुद्री शेवाळ घेतलं, कारण ते फुकट होतं. जानेवारीतल्या अमावास्येला रत्नागिरीजवळच्या कातळावर ओहोटीच्या वेळी गेलं की ते हाताला लागतं. तपकिरी फांद्या आणि त्यांना मिरीएवढे हवेचे फुगे. ते फोडायचा नादच लागतो. शेजारी कालवं काढणाऱ्या मावशींनी विचारलं, "ह्या घाणीचं काय करणार गो?" "आइस्क्रीम," मी म्हटलं. थट्टा नव्हती. या शेवाळातलं अल्जिनेट नावाचं चिकट द्रव्य आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे धरू देत नाही. कापडावर रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक संयोग करणारे रंग छापतानाही त्याचीच खळ लागते. स्टार्चची खळ रंगाशी संयोग करून बसते, ही करत नाही.

वाळू, शंखले धुण्यात एक सकाळ गेली. मग सावलीत वाळवण, मिक्सरमधून पूड.

पेशीभित्तिकेत अल्जिनेट बरंचसं कॅल्शियमशी बांधलेलं असतं, म्हणून आधी पूड पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवली. मग सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ६० अंशांवर दोन तास. ढवळताना काचकांडी जड होत गेली, तेव्हा कळलं की अल्जिनेट सुटतंय.

इथवर मजा होती. गाळणकागदावर ओतलं, तर तासाभरात चमचाभर खाली उतरलं. पंप लावला, कागद फाटला. शेवटी पाणी घालून पातळ केलं आणि मलमलीतून पिळलं. पण पातळ केलं की अल्जिनेट खाली बसवायला दुप्पट अल्कोहोल लागतं, आणि आमच्या विभागात अल्कोहोल मोजून मिळतं. घट्ट ठेवावं तर गळत नाही, पातळ करावं तर परवडत नाही. या पेचात चार दिवस गेले. पुस्तकात ही पायरी एका शब्दात आहे: 'गाळा'.

सुटका कॅल्शियम क्लोराइडने केली. कारखान्यांतही ही वाट चालते. द्रावणात ओतताच शेवयांसारखे धागे तयार झाले, हाताने पिळता येतील असे. त्यांना पुन्हा आम्ल, पुन्हा सोडा, मग वाळवण. ५० ग्रॅम पुडीतून ९ ग्रॅम निघालं.

बाजारातलं अल्जिनेट पांढुरकं असतं, माझं चहाच्या रंगाचं झालं. रंग उतरू नये म्हणून सुरुवातीला फॉर्मॅलिनमध्ये भिजवायची पायरी वासाला घाबरून मी टाळली होती.