म्युनिक ते म्युनिक, चार देश, चौदा रात्री: आराखडा क्र. ४

सद्यस्थिती: मार्ग आणि तारखा ठरल्या. गाडी फुकट रद्द करता येईल अशा अटीवर राखून ठेवली आहे. चौदापैकी बारा रात्रींचे मुक्काम पक्के, दोन लटकलेले. हिशेब धरलाय दोन मोठे आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं यांचा. दौरा ९ मे ते २३ मे २०२६.

आधीचे तीन आराखडे का बाद झाले ते थोडक्यात. पहिल्यात स्वित्झर्लंड होतं. तिथे कारसाठी वर्षभराचाच टोल-परवाना मिळतो, ४० फ्रँकचा. दोन दिवसांसाठी तोच घ्यायचा, वर राहणं-खाणं सगळंच महाग. दुसऱ्यात क्रोएशियातले प्लिटवित्से तलाव होते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आणि युरोमध्ये आहे, त्यामुळे कागदपत्रांची अडचण नव्हती. पण जाऊन-येऊन दोन दिवस गाडीतच जात होते आणि मुलं मागच्या सीटवर. तिसरा मार्ग आत्ताचाच होता, फक्त तारखा चुकल्या होत्या. तेवढ्यासाठी ऑस्ट्रियाचा टोल दोनदा भरावा लागत होता.

आत्ताचा मार्ग असा: म्युनिक २ रात्री, ऑस्ट्रियात साल्झबुर्ग २, स्लोव्हेनियात ब्लेडजवळ ४, इटलीत व्हेनिसजवळ मेस्त्रेत ३ आणि साउथ टिरोलमध्ये २, शेवटची रात्र म्युनिक विमानतळाजवळ फ्रायझिंगला. एकूण साधारण १,७०० किमी. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की भाड्याइतकाच भुर्दंड वर बसू शकतो, म्हणून वर्तुळच हवं.

तारखांचं गणित

या आराखड्यात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि पैसेही इथेच वाचले.

ऑस्ट्रियाच्या मोटरवेवर व्हिन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा टोल-परवाना, लागतो. २०२६ चे दर: एक दिवस ९.६० युरो, दहा दिवस १२.८०, दोन महिने ३२. आपण ऑस्ट्रियात दोनदा शिरतो, ११ मेला म्युनिकहून साल्झबुर्गला आणि २२ मेला इटलीतून ब्रेनर खिंडीवरून परत येताना. ११ तारखेपासून दहा दिवसांचा घेतला तर तो २० ला संपतो आणि परतीसाठी एक दिवसाचा वेगळा घ्यावा लागतो. आता मेख अशी, की जर्मन सरहद्दीवरच्या वाल्सरबेर्गपासून साल्झबुर्ग नॉर्ड या फाट्यापर्यंतचा ए१ मोटरवेचा तुकडा डिसेंबर २०१९ पासून व्हिन्येटमुक्त आहे. म्हणजे ११ ला नॉर्डला उतरून मुक्कामी जायला काही लागत नाही. १२ ला हालश्टाटला जायचं ते बी१५८ या साध्या रस्त्याने, झांक्ट गिल्गेन आणि बाट इशलवरून. तोही फुकट, आणि मोटरवेपेक्षा देखणा. १३ ला दक्षिणेकडे निघताना ए१० वर चढायचं. तेव्हा दहा दिवसांचा व्हिन्येट १३ तारखेपासून सुरू करायचा. १३ ते २२, मोजून दहा दिवस. २२ च्या रात्री बारापर्यंत चालतो, आणि ए१२ वरून कुफ्श्टाइनमार्गे आपण दुपारीच बाहेर पडतो.

यात एका दिवसाचीही सैल जागा नाही. गाडी बिघडून किंवा कुणी आजारी पडून २३ उजाडली तर ९.६० चा जोड व्हिन्येट घ्यायचा. सरहद्द ओलांडण्याआधी घ्यायचा, नंतर नाही. विनाव्हिन्येट सापडलात तर दंड शंभर युरोंच्या वर जातो, आणि वर गाडीवाल्यांची प्रशासकीय फी.

डिजिटल व्हिन्येट गाडीच्या नंबरला जोडलेला असतो आणि भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात आल्यावरच कळतो. त्यामुळे भारतातून घेऊन ठेवण्याचा प्रश्नच नाही. ११ ला गाडी ताब्यात आली की पार्किंगमध्येच फोनवर नंबर टाकायचा, देश ‘डी’ (जर्मनी) निवडायचा, सुरुवात १३ मे. नंबरातली शून्य आणि ‘ओ’ ही अक्षरं नोंदणीच्या कागदावरून ताडून बघा. आस्फिनाग या ऑस्ट्रियन मोटरवे-कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. शोधात वर येणारे मध्यस्थ त्याच व्हिन्येटवर कमिशन चढवतात.

स्लोव्हेनियाचं काम सोपं आहे. आठवड्याचा व्हिन्येट १६ युरो, १३ ते १९ चालतो, आपण १७ ला बाहेर. मात्र नऊ सीटर व्हॅन घेणाऱ्यांनी थांबावं: पुढच्या चाकाच्या आसावर गाडीची उंची १.३० मीटर किंवा जास्त असेल तर वर्ग २बी लागतो, आणि त्याचा दर दुप्पट. कोणतं मॉडेल कोणत्या वर्गात याची यादी दार्स या तिथल्या मोटरवे-कंपनीकडे आहे.

व्हिन्येट असूनही काही बोगदे आणि घाट वेगळे पैसे घेतात. ए१० वरचे टाउर्न-काट्शबेर्ग बोगदे साधारण १५ युरो, कारावांकेन बोगदा ८-९, ब्रेनरचा ए१३ रस्ता १२-१३. कारावांकेन टाळून फुकटच्या लोइब्ल खिंडीतून जाता येतं. पण आठ युरोंसाठी मुलांना वळणावळणाच्या घाटात घालायचं आणि मग गाडी धुवायची, हा व्यवहार पटला नाही. ब्रेनरचा जुना रस्ताही फुकट आहे, मात्र टिरोलमध्ये गर्दीच्या शनिवार-रविवारी परगावच्या गाड्यांना मोटरवे सोडून गावातून जायला मनाई असते. ए१३ वरचा लुएग पूल जानेवारी २०२५ पासून दुरुस्तीसाठी बऱ्याचदा एकेरी लेनवर चालतो, तेव्हा तिथे तासभर जास्तीचा धरून ठेवा. २२ मेचा शुक्रवार पेंटेकॉस्टच्या सुट्टीच्या तोंडावर येतो; बव्हेरियातली शाळकरी जनता त्या दिवसांत दक्षिणेकडे निघते आणि आपण उत्तरेकडे. वर्तुळ घड्याळाच्या दिशेने फिरवण्याचं हे कारण.

रविवार कुठे पडतो

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात रविवारी किराणा बंद असतो. इटलीत बहुतेक सुपरमार्केट उघडी असतात. १० मेचा रविवार म्युनिकमध्ये, तेव्हा ९ ला उतरल्यावर दूध-ब्रेड-अंडी त्याच संध्याकाळी घ्यायची. त्याची भरपाई म्हणजे पिनाकोटेक संग्रहालयांचं तिकीट रविवारी एक युरो. १४ मेच्या गुरुवारी जर्मनी-ऑस्ट्रियात असेन्शनची सुट्टी आहे, पण त्या दिवशी आपण स्लोव्हेनियात असतो आणि तिथे ती सुट्टी नाही. १७ चा रविवार मेस्त्रेत.

व्हेनिसचं प्रवेशशुल्कही वारावरच ठरतं. ते ठरावीक दिवशी, प्रामुख्याने शुक्रवार ते रविवार, दिवसाच्या फेरीला येणाऱ्यांवर लागतं. आपण १८-१९ ला, सोमवार-मंगळवारी जातो. शिवाय मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेच्याच हद्दीत येतं, म्हणून तिथे मुक्काम करणाऱ्याला शुल्काच्या दिवशीही सूट मिळते. शुल्कमाफीचा क्यूआर कोड तेवढा आधी काढून ठेवावा लागतो. गाडी मेस्त्रेतच ठेवायची. रेल्वेने किंवा ट्रामने व्हेनिसला पोचणं मिनिटांचं काम आहे, आणि व्हेनिसमधल्या पियात्साले रोमाच्या गॅरेजात दिवसाचे पैसे मोजण्यात शहाणपण नाही.

व्हिसा रात्रींवर ठरतो

ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. विमान कुठे उतरतं त्यावर नाही. इटली ५, स्लोव्हेनिया ४, जर्मनी ३, ऑस्ट्रिया २. म्हणून अर्ज इटलीकडे, उतरणं म्युनिकला. पहिल्या आराखड्यात ऑस्ट्रिया आणि इटली चार-चार रात्रींवर बरोबरीत होते. तशी बरोबरी झाली की पहिल्या प्रवेशाचा देश बघितला जातो आणि गोंधळ सुरू होतो. एक रात्र इकडची तिकडे करून बरोबरी फोडावी, आणि अर्ज दिल्यावर रात्रींना हात लावू नये.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, सहाच्या आतल्यांना माफ. चौघांचे २७०, वर व्हिसा-केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. मुंबई-पुण्यात उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटची मारामारी असते. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. रेल्वेची तिकिटं नसल्याने युरोपातल्या प्रवासाचा पुरावा म्हणून गाडीचं बुकिंग आणि दिवसवार तक्ता जोडायचा, आणि तक्त्यातल्या रात्री हॉटेलांच्या कागदांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

उतरल्यावर आता शिक्क्याऐवजी फोटो घेतात आणि बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळच्या ठशांशी ताडतात. बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो. रांग लांबते. विमान उतरल्यावर तासाभरात गाडी घ्यायची असं बुकिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गाडी

म्युनिकमधले पहिले दोन दिवस गाडी नको. पाच जणांपर्यंतचं समूह-दिवसतिकीट मिळतं, त्यात ६ ते १४ वयाची दोन मुलं एक मोठा म्हणून मोजतात. गाडी सोमवारी ११ ला सकाळी ९ वाजता, शहरातल्या कार्यालयातून घ्यायची, कारण विमानतळावर अधिभार लागतो. रविवारी शहरातली बरीच कार्यालयं बंद, म्हणून सोमवार. भाड्याचा दिवस २४ तासांचा: सोमवारी ९ ते दुसऱ्या शनिवारी ९ म्हणजे बरोबर १२ दिवस. सवलतीची थोडी मिनिटं सोडली तर त्यानंतर तेरावा दिवस लागतो.

आकार ठरवताना सीट मोजू नका, डिकी मोजा. गोल्फची डिकी ३८० लिटर; दोन २४ इंची आणि दोन केबिन बॅगा कशाबशा बसतात, २८ इंची एक जरी आली तरी मागची काच झाकली जाते. ऑक्टाविया कॉम्बी ६४० लिटर, सगळं झाकणाखाली. इटलीच्या रेस्ट-स्टॉपवर बॅगा दिसत असलेली गाडी सोडून जेवायला बसणं म्हणजे चोराला आमंत्रण. आजी-आजोबांसह सहा जणांसाठी ‘सात सीटर’ घेणाऱ्यांची हमखास फसगत होते: तूरानसारख्या गाडीत तिसरी रांग उभी केली की डिकी उरते १३७ लिटर, म्हणजे एक केबिन बॅग आणि लाडवांचा डबा. सहा जणांना नऊ सीटर व्हॅनच लागते. तिची उंची दोन मीटरच्या आसपास असते, भूमिगत पार्किंगचा फलक वाचूनच आत शिरा.

बुकिंगच्या अटींत हे तपासलं: स्लोव्हेनिया आणि इटलीला परवानगी आहे का (महागड्या जर्मन ब्रँडवर बऱ्याचदा बंदी असते), टायर-काच-गाडीचा तळ विम्यात आहे का, इंधन भरलेली घेऊन भरलेली द्यायची आहे ना. मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर बऱ्याचदा काउंटरवरून परत पाठवतात. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवान्याशिवाय त्याला किंमत नाही.

बूस्टर सीट: जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंमीपर्यंत सक्ती, ऑस्ट्रियात १४ वर्षं किंवा १३५ सेंमी, इटलीत १५० सेंमी. म्हणजे दोन्ही मुलांना लागणार. भाड्याने घेतले तर दोघांचे मिळून शंभराच्या वर. म्युनिकच्या दुकानात साधा बूस्टर वीस-तीस युरोंत मिळतो. भारतातून न्यायचा तर त्यावर ‘ई’ खुणेचं नारिंगी लेबल आहे ना ते पाहा.

इटलीतले सापळे

टोलनाक्यावर पिवळी टेलेपासची लेन डोळ्यांना ओळखीची वाटते, कारण फास्टॅगची सवय. तिकडे जायचं नाही. प्रवेशावर तिकीट घ्या, बाहेर पडताना निळी लेन कार्डाची, पांढरी रोखीची. चुकून टेलेपासच्या लेनमध्ये शिरलात तर गाडी मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, ‘मांकातो पागामेंतो’ची, म्हणजे पैसे न भरल्याची, पावती मिळते, १५ दिवसांत ऑनलाइन भरली की जादा काही लागत नाही.

शहराच्या जुन्या भागात ‘झेड टी एल’ची पाटी म्हणजे परवान्याविना प्रवेश बंद. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. नकाशाचं अॅप बऱ्याचदा तिथूनच नेतं.

पंपावर ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल, पेट्रोल म्हणजे ‘बेंझिना’. ‘सेर्व्हितो’च्या रांगेत पंपावरचा माणूस भरतो आणि लिटरला जास्त घेतो; ‘सेल्फ’ला उभे राहा. मनुष्यविरहित यंत्र कार्डावर शंभर-सव्वाशे युरो रोखून धरतं, ते काही दिवसांनी सुटतात, तेव्हा मर्यादेत जागा ठेवा. रोखीने भरलंत तर सुट्टे परत मिळत नाहीत. कार्ड-मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर नेहमी युरो.

पार्किंगच्या निळ्या चकतीचा नियम देशागणिक वेगळा. जर्मनीत पोचल्याच्या पुढच्या अर्ध्या तासावर काटा लावायचा (१०:१० ला पोचलात तर १०:३०), इटलीत खरी वेळ. इटलीत पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या राखीव.

स्वयंपाकघर

सगळे मुक्काम स्वयंपाकघरासह. एकरकमी सफाई शुल्क असल्याने एका रात्रीचं अपार्टमेंट महाग पडतं. तीच जागा चार रात्री घेतली तर शुल्क वाटलं जातं. ब्लेड तळ्याच्या काठाऐवजी सात किमीवरचं राडोव्ह्लित्सा घेतलं.

भारतातून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, सगळं घरी. आंबे आणि कढीपत्ताही नाही. भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला, तेलातलं लोणचं चालतं. शेगडी इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनच्या बुडाचा दोन लिटरचा स्टीलचा न्या. दोन गोल पिनांचा प्लग चारही देशांत बसतो. जर्मनीत आणि २०२५ पासून ऑस्ट्रियातही प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट ठेव असते. त्या देशातच परत करा, सरहद्दीपलीकडे ती बाटली कचराच.

तक्त्यात धरलेले आकडे, युरोत: मुक्काम १,६१०, गाडी पूर्ण विम्यासह ६२०, इंधन २०० (१०० किमीला ६.५ लिटर, लिटरला १.८०), सगळे टोल ९०, व्हिसा २७०. टोलच्या ९० पैकी दोन्ही व्हिन्येट मिळून २८.८० आहेत, उरलेले बोगदे, घाट आणि इटलीचे.

अडकलेलं काम

२० आणि २१ मेच्या दोन रात्री. मेस्त्रेहून ए२७ आणि कोर्तिनावरून डोब्बियाकोला जाणारा रस्ता सुंदर आणि टोलला हलका, पण मेमध्ये तिथल्या बऱ्याच रोपवे आणि डोंगरावरच्या खानावळी बंद असतात. बोल्झानोत हवा उबदार आणि संग्रहालयात बर्फात सापडलेल्या ओत्झी या माणसाचा पाच हजार वर्षांपूर्वीचा देह, पण त्यासाठी व्हेरोनावरून लांबचा आणि टोलचा वळसा. साउथ टिरोलमधल्या बऱ्याच मुक्कामांत गेस्ट पास मिळतो आणि त्यावर तिथल्या बस-रेल्वे फुकट. तेव्हा डोब्बियाकोला राहून गाडी उभी ठेवायची आणि एक दिवस रेल्वेने बोल्झानो करायचं, हा तिसरा पर्याय तपासतोय. रेल्वेत मुलांना एका बाजूला किती वेळ बसावं लागेल, त्यावर तो टिकेल की नाही ते ठरेल.