नीसला भेटू

"तू ये ना गाडीनं. मी विमानानं येतो. नीसला भेटू."

आल्प्सचे घाट चढत-उतरत फ्रान्समधल्या नीसपर्यंत दोघांनी गाडीनं जायचं ठरलं होतं, त्यावर नवरा एवढंच म्हणाला. तेही डिशवॉशरमध्ये ताटल्या लावता लावता, पाठमोरा. मी "बरं" म्हटलं आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तेव्हापासून ते वाक्य दाढेत अडकलेल्या चिक्कीच्या कणासारखं छळतंय. जीभ सारखी तिथेच जाते.

नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. पण हा नाही म्हणतच नाही, हा सोय सुचवतो. सोयीशी भांडायचं कसं? ताईला फोनवर सांगितलं तर तिचंही तेच, "अगं बरोबर आहे त्याचं, एवढं लांब बसून यायचं म्हणजे पाठ धरते." पाठ! आमच्याकडे पाठ माझी धरते, त्याची नाही, हे ताईला चांगलं ठाऊक आहे.

शीट उघडून बसलेय. मुक्काम, किलोमीटर, घाट, घाटाची उंची, शेवटचा रकाना 'माणसं'. वरपासून खालपर्यंत सगळीकडे 2. आंडरमाट 2. बूर-सँ-मोरीस 2. बार्सेलोनेत 2 (हे फ्रान्समधलं गाव, ताई याला अजून बार्सिलोनाच समजतेय, आणि आता मी ते दुरुस्त करणार नाहीये). हे दोनाचे आकडे एकेक करून खोडायचे की नाही, यावर माझी रविवारची अख्खी संध्याकाळ गेली.

गाडी छोटी आहे, कबूल. स्पोर्ट्स कार म्हटलं की पुण्यातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर लालभडक फेरारी येते. मग फोटोत आमची माझ्दा एमएक्स-5 बघून एक अवघडलेली शांतता पसरते. 1989 पासून जपान ही गाडी बनवतंय आणि 2016 मध्ये दहा लाखावी बाहेर पडली, म्हणजे जगात माझ्यासारखी माणसं बरीच आहेत. सीट दोनच. डिकी 130 लिटरची, स्विफ्टच्या डिकीच्या निम्म्यानंही नाही. मऊ कापडाच्या दोन बॅगा कोंबल्या की संपली. स्टेपनी नाही, त्याऐवजी पंक्चरच्या औषधाची बाटली आणि हवेचा छोटा पंप. समोर कप्पा नाही, कागदपत्रं दोन सीटांच्या मधल्या खणात. छत हातानंच उघडायचं: वरचा खटका सोडायचा आणि बसल्या जागेवरून मागे ढकलून द्यायचं. ते मागे जाऊन टक्‌ करून बसलं की मला अजूनही दहावीचा शेवटचा पेपर सुटल्यासारखं वाटतं. ती कुठल्या पैशांतून घेतली ती गोष्ट वेगळी. असो.

तर अशा गाडीतली दुसरी सीट. सामान मावायचं नाही, आवाज फार येतो, उन्हात डोकं तापतं, हे सगळं तो म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. पण घाटात शेजारी माणूस लागतं. सँडविच काढून द्यायला वगैरे नाही. चालवणाऱ्याला बघता येत नाही, म्हणून. स्वित्झर्लंडमध्ये ग्रिम्सेल घाटावरून फुरका घाटाकडे बघितलं की पलीकडच्या डोंगरावर सगळा रस्ता गिरवून ठेवलेला दिसतो म्हणे, आणि त्यातल्या एका वळणावर ते बंद पडलेलं बेल्व्हेदेर हॉटेल. पूर्वी ऱ्होन हिमनदी त्याच्या जवळपर्यंत यायची. आता ती इतकी मागे गेलीय की उरलेल्या बर्फावर उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरतात. हे सगळं मी वाचून ठेवलंय, पण वळण घेताना माझी नजर रस्त्यावर असणार. कुणीतरी "ते बघ" म्हणायला हवं, आणि मी "नको सांगूस, वळण आहे" म्हणायला हवं. त्याशिवाय तो घाट कसला?

मग गाडी नको, की घाट नको, की मी नको? यातलं एक काहीतरी असणार. रात्री अडीचला तिसरं खरं वाटतं. सकाळी चहा पिताना पहिलं.

धाकटीला विचारलं तर म्हणाली, "बाबाला गाडी लागते ना." कधीपासून? आंबोली चढताना एसटीत मागच्या बाकावर बसून अख्खा वडापाव, वर माझ्यातला अर्धा खाल्लेला माणूस आहे तो. त्याला गाडी लागते हे त्यानं मुलीला सांगितलं आणि मला नाही. यावर पण लिहायचं होतं, पण नको.

काल त्याचा टॅब चार्जिंगला लावायला गेले. स्क्रीनवर स्ट्रीट व्ह्यू उघडं होतं. बोनेत. रस्ता ओळखला, कारण मीही तो असाच बघून ठेवलाय. फ्रान्समधला सगळ्यात उंच डांबरी रस्ता, 2802 मीटर. खरी खिंड 2715 लाच संपते, पण वरचं टोक फिरून येणारा एक वेढा मुद्दाम जोडलाय, निव्वळ मोठेपणासाठी. काळसर, उघडाबोडका डोंगर, गवताचं नाव नाही. पण त्यानं चित्र पुढे रस्त्याकडे ठेवलं नव्हतं, उजवीकडे फिरवून ठेवलं होतं. उजवीकडे डांबर संपतं, मग वीतभर खडी, मग काहीच नाही. कठडा नाही. इथे गाड्या उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शेजारी बसणारा बरोबर त्या बाजूला. आणि आमच्या गाडीत माणूस जवळजवळ जमिनीवरच बसतो, दाराची कड कोपराखाली. मी बराच वेळ ते चित्र बघत उभी होते. मग टॅब चार्जिंगला लावला आणि आले.

विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, छे, ऑफिसचं आहे त्या आठवड्यात. एसटीच्या मागच्या बाकावर तो खिडकीत बसला होता की मी, हे आता आठवायचा प्रयत्न करतेय. मी असणार. खिडकी नेहमी मीच घेते.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे तिसरं कारण नव्हतं. मग लगेच वाईट वाटलं की बरं वाटलं. मग भूक लागली.

माझ्या बाबांना फोन केला. त्यांचं आपलं एकच: "ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." खंबाटकीत फियाटवर शिकवलेलं 2764 मीटरच्या इझेरान घाटाला चालेल का, विचारलं. म्हणाले, उतार तो उतार. कोण कोण जाणार, हे त्यांनी विचारलंच नाही. मी तयारच होते, दोन-तीन उत्तरंही जुळवून ठेवली होती.

आणि मग डोकं जरा ताळ्यावर आलं. हा विमानाचं तिकीट एकाच बाजूचं काढतोय. म्हणजे परत येणार माझ्याबरोबरच. परतीला मी इटलीतला स्टेल्व्हिओ घाट टाकला होता, प्राडच्या बाजूला 48 हेअरपिन वळणं. ते आता होणे नाही. येताना मिलान, मग गोटहार्डचा बोगदा, जवळजवळ 17 किलोमीटर, अंधार, कुठे दरी नाही की दृश्य नाही. त्याला फार आवडेल. माझ्या मनात आलं, मग स्टेल्व्हिओ जातानाच का नको? रेशेनवरून खाली प्राड, स्टेल्व्हिओ, बोर्मिओ, बेर्निना, ओबरआल्प, आंडरमाट. नकाशावर आडवंतिडवं दिसतं खरं, पण जमतंय. त्याच्यासोबत असते तर एवढा वळसा त्याला कधीच पटला नसता, आणि नीट हिशेब मांडून न पटण्याचं कारण त्यानं सांगितलं असतं.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. मंडळाच्या कमिटीत नाव आहे, आधी सुटका नाही, आणि फार उशीर केला तर वर बर्फ पडून घाट बंद. स्कॉटलंड आधीच कटाप झालंय, कारण ब्रिटनचा व्हिसा मला वेगळा काढावा लागतो आणि त्याला लागत नाही. तो विषय आज नको.

'माणसं' रकान्यात 1 लिहायला घेतलं. सहा ओळी खाली आल्यावर लक्षात आलं की एका माणसाचं आणि दोघांचं खोलीभाडं जवळपास सारखंच पडतंय. यात कुणाचा फायदा झाला ते काढायला नंतर बसेन. उजवी सीट मात्र आता डिकीत धरलीय. तिथे थर्मास, जाड जॅकेट, लाडवांचा डबा आणि ती मोठी छत्री जी आजवर कुठेच मावली नव्हती. पट्टा लावून ठेवायचं सगळं, नाहीतर सीटवर वजन आहे म्हणून गाडी अख्खा घाट किणकिण करत बसते.

आत्ता येऊन विचारून गेला, "माझे ट्रेकिंगचे बूट तुझ्या गाडीत जातील का?"

नाही जाणार. विमानात 23 किलो घेऊ देतात पैसे भरले की. आणि घेतोच आहेस तर माझे चांगले सँडल आणि इस्त्रीच्या दोन साड्या पण घे, म्हटलं.